बाळ सांभाळण्याच्या कामावर जाताना कपडे कोणते घालावेत?

रानजाई (पुणे)

नमस्कार. गावी सहा वर्षे अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केल्यानंतर आता पुण्यात एका कुटुंबात चौदा महिन्यांच्या मुलीला सांभाळण्याचे काम मला मिळाले आहे. वेळ सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसहा. मुलीची आई घरूनच ऑफिसचे काम करते आणि आजी महिन्यातले पंधरा दिवस इथे असतात. अंगणवाडीत गणवेशाची साडी ठरलेली असल्यामुळे काय घालावे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. इथे ब्युरोच्या बाईंनी "साधे आणि नीटनेटके" एवढेच सांगितले. पहिले तीन दिवस साडी नेसून गेले, तर मुलीमागे धावताना दोनदा निऱ्यांत पाय अडकला. म्हणून चौथ्या दिवशी टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून गेले, तेव्हा आजींनी नावे ठेवली नाहीत, फक्त "आज सुट्टी आहे का?" असे विचारले. तो प्रश्न मनातून जात नाही. कामही सुखाने करता यावे आणि आपण घरकामाला नव्हे, तर एका जबाबदारीच्या कामाला आलो आहोत हेही दिसावे, असा पोशाख कोणता, हे अनुभवी भगिनींनी कृपया सांगावे.

पारिजात (ठाणे)

मी सतरा वर्षे हेच काम करते आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. कपडे आपल्या अंगावर असले तरी दिवसभर ते बाळाच्या हातात असतात, हे आधी लक्षात घ्यावे, म्हणजे निम्मे प्रश्न सुटतात. चौदा महिन्यांची मुलगी जे दिसेल ते ओढते आणि जे हाती लागेल ते तोंडात घालते. म्हणून मी कपड्यांच्याही आधी टिकलीबद्दल सांगते. चिकटवायची टिकली घामाने केव्हा सुटते ते आपल्याला कळत नाही, बाळाला मात्र ती खांद्यावर नेमकी दिसते. माझ्या पहिल्याच कामावर मी अशी टिकली बाळाच्या जिभेवरून काढली आहे, आणि त्या दिवसापासून कामावर असताना कुंकवाचे बोट लावते. काचेच्या बांगड्या फुटतात आणि बाळाला उचलताना त्याच्या पाठीला रुततात. मंगळसूत्र काढायला कोणी सांगू नये आणि आपणही काढू नये, पण लांब असेल तर ते कपड्याच्या आत राहू द्यावे, कारण काळी पोत एकदा तुटली की मणी शोधत घरभर फिरावे लागते आणि एखादा मणी तरी आपल्याआधी बाळाला सापडतो. पदराला किंवा ओढणीला लावलेली पिन तर नकोच.

आता कपडे. गुडघ्याच्या जरा खाली येणारा सुती कुर्ता आणि त्याखाली सैलसर सुती पँट किंवा लेगिंग, हे मला सर्वांत सोयीचे वाटते. कुर्त्याला दोन्ही बाजूंनी कट असावा, म्हणजे जमिनीवर मांडी घालून बसता येते. गळा असा असावा की वाकून बाळाला उचलताना आपल्याला एक हात गळ्यावर धरावा लागू नये. बाह्या कोपरापर्यंत सरकवता याव्यात, कारण दिवसातून दहा वेळा हात धुवावे लागतात. छातीवर जरीकाम, टिकल्या किंवा मोठी बटणे नकोत, बाळाचा गाल तिथेच टेकलेला असतो. ओढणी मी घरात काढून ठेवते. ती शोभेला चांगली असली तरी झोक्याच्या कडीत, पाळण्याच्या कठड्यात किंवा बाळाच्या गळ्याभोवती अडकायला क्षणसुद्धा पुरतो. ज्या घरात वडीलधाऱ्यांना ओढणीशिवाय बरे वाटत नाही, तिथे मी कुर्त्यावर बिनबाह्यांचे सुती जाकीट घालते, आणि आजवर त्याला कोणी आक्षेप घेतलेला नाही.

साडी वाईट, असे माझे म्हणणे नाही. माझी आजी नऊवारीचा कासोटा घालून आम्हा नातवंडांना सांभाळायची आणि झाडावरही चढायची. पण पाचवारीचे तसे नसते.

दोन मुलांची आई (नाशिक)

मी काम देणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. आमच्याकडे येणाऱ्या ताई दोन बस बदलून येतात, म्हणून आम्ही त्यांना कपाटाचा एक कप्पा दिला आहे. तिथे त्यांचे दोन जोड असतात. आल्यावर त्या हातपाय धुतात, कपडे बदलतात आणि मगच बाळाला घेतात. ते कपडे आमच्याच मशीनमध्ये धुतले जातात, कारण त्यांवर पडणारे दूध आणि वरणभात आमच्याच मुलाचे असतात. अत्तर आणि उग्र वासाचे तेल लावू नये एवढी एकच विनंती आम्ही केली होती. बाकी रंग कोणता आणि कुर्ता की टी-शर्ट, यात आपण पडू नये असे मला वाटते.

थेम्सकाठ (रेडिंग, इंग्लंड)

इथे बाथ शहरात नॉरलँड नावाचे कॉलेज आहे. एमिली वॉर्ड यांनी 1892 मध्ये ही संस्था सुरू केली आणि मुले सांभाळण्याचे रीतसर शिक्षण तिथे आजही दिले जाते. तिथल्या विद्यार्थ्यांचा तपकिरी गणवेश, हॅट आणि हातमोजे इथे सर्वांच्या ओळखीचे आहेत, आणि तो गणवेश दिसला की ही व्यक्ती शिकून आलेली आहे असे लोक समजतात. माझ्या ओळखीच्या, मुले सांभाळणाऱ्या मुली मात्र रोज जीन्स आणि धुवायला सोपा टी-शर्ट अशाच वेषात असतात, आणि त्यांना सुट्टी आहे का असे कोणी विचारत नाही. एखादा चांगला, एकाच रंगाचा गणवेश आपल्याकडेही असावा असे मला वाटते.

सांजवात (मुंबई)

थेम्सकाठ यांच्याशी मी सहमत नाही. तिथला गणवेश शिक्षण पूर्ण केल्याची खूण आहे. इथे मॉलमध्ये किंवा क्लबमध्ये मालकिणीच्या मागे बाळ घेऊन चालणाऱ्या मुलीच्या अंगावरचा गणवेश, ती त्या कुटुंबातली नाही हे चार लोकांना दुरूनच कळावे म्हणून असतो. मी स्वतः दोन वर्षे असा फिका गुलाबी कोट घातला आहे. जेवणाच्या वेळी आम्ही सर्व कोटवाल्या वेगळ्या बाकावर बसायचो, आणि बाळाला भूक लागली की आम्हाला हाक यायची. कपडा वाईट नव्हता, उलट माझे स्वतःचे कपडे त्यामुळे वाचले, हेही खरे आहे. पण तो का दिला आहे हे त्या बाळालासुद्धा तीन वर्षांचे होईपर्यंत कळले होते.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा 2008 चा कायदा आहे. त्याचा भर नोंदणी आणि कल्याणकारी योजनांवर आहे. कपड्यांचे मात्र आपल्यालाच बोलून ठरवावे लागते. रानजाईताई, कोणी गणवेश घालायला सांगितले, तर तो त्यांच्या खर्चाने आणि किमान तीन जोड मागा, आणि रंग तुम्ही निवडा.

रानजाई (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. पारिजातताईंचे उत्तर वाचून काल टिकलीऐवजी कुंकू लावले, कुर्ता आणि सुती पँट घातली आणि त्यावर जाकीट. मुलीच्या आईशी कप्प्याबद्दल बोलले, तेव्हा त्यांनी लगेच एक खण रिकामा करून दिला. त्यांनाही हे सुचवायचे होते, पण मला वाईट वाटेल म्हणून त्या गप्प होत्या म्हणे. आजींना मी स्वतःच सांगितले की साडीत पाय अडकून मुलीसकट पडण्याची भीती वाटते. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग त्यांनी जाकिटाचे कापड कुठून घेतले ते विचारले.

आता एकच शंका उरली आहे. फरशी पुसल्यावर फार निसरडी होते. घरात पायात काय घालावे?

पारिजात (ठाणे)

घरात अनवाणी राहा. पायमोजे मुळीच घालू नका, फरशीवर ते हमखास घसरतात. बाथरूमसाठी रबरी तळाच्या वेगळ्या चपला त्यांच्याकडूनच मागून घ्या, आणि बाळाच्या आंघोळीच्या वेळी पँट घोट्याच्या वर दुमडून घ्या.