मदत हवी आहे: शुभेच्छापत्रं आणि स्क्रॅपबुकसाठी कुठला गोंद?

कात्रण: सोलापूरहून विचारतेय. २५० जीएसएमच्या (म्हणजे जाडसर) कार्डशीटवर चादरीच्या कापडाच्या पट्ट्या, छोटे आरसे आणि फोटो लावायचे आहेत. पांढऱ्या गोंदाने कागद वाकतो. ग्लू गनने लावलेले आरसे एप्रिल-मेमध्ये निघून येतात. सगळ्याला चालेल असा एकच गोंद आहे का?

धागादोरा: नाही, निदान तीन लागतील. कागद वाकतो तो गोंदातल्या पाण्यामुळे. तंतू ओले झाले की जाडीला फुगतात, म्हणून शीट एका दिशेला जास्त पसरते. कागदावर कागद लावायला दुहेरी टेप घ्या, कडेपासून २-३ मिमी आत. पातळ कागदाला ग्लू स्टिक, तीही पार कडेपर्यंत.

चादरीच्या कापडाला मात्र पांढरा गोंदच हवा. टेप फक्त वरच्या धाग्यांना धरते. आधी कापायच्या रेघेवर गोंदाची बारीक रेष ओढा, सुकू द्या, मग त्याच रेषेवर कापा, म्हणजे दशा सुटत नाहीत. गोंद कापडाला नाही, कार्डाला लावायचा. सपाट ब्रशने अगदी पातळ थर द्या, मिनिटभर थांबा, थोडा चिकट झाला की पट्टी ठेवून मधून कडेकडे दाबा. घाईत ओल्या गोंदावर ठेवलीत तर तो विणीतून वर येतो आणि रंगीत नक्षीवर चकचकीत डाग उरतो, तो जात नाही. वर बटर पेपर, त्यावर जड पुस्तकं, रात्रभर.

रंगपेटी: आरशांबद्दल. ग्लू गनची कांडी उष्णतेनेच वितळते, मग पारा चाळिशीपार गेला आणि कार्ड गाडीच्या डिकीत राहिलं की ती मऊ पडणारच. शिवाय काच गुळगुळीत, पकड मुळात कमी. सुकल्यावर लवचिक राहणारा पारदर्शक क्राफ्ट गोंद घ्या आणि २४ तास हलवू नका. आधी एका आरशावर करून बघा, काही गोंदांतलं द्रावक मागचा लेप खातं.

इन्स्टंट ग्लू इथे नकोच. त्याच्या वाफेने आरशाभोवती पांढरट धूसर थर बसतो. सुती कापडावर तर तो झपाट्याने तापतो, बोट भाजू शकतं.

कात्रण: आणि फोटो? इंकजेटवर छापलेले आहेत.

धागादोरा: ओला गोंद अजिबात नको, शाई फुटते. ॲसिड-फ्री फोटो कॉर्नर (फोटोचे कोपरे अडकवायचे छोटे खिसे) लावा, म्हणजे फोटोला गोंदच लागत नाही आणि पुढे काढताही येतो. साधी सेलोटेप पिवळी पडून कडक होते, फोटोवर कधीच लावू नका. चिकट पानांचे तयार अल्बमही टाळा, वर्षांनी फोटो सोडवायला गेलं की फाटतो.

रंगपेटी: स्क्रॅपबुक पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नका. कार्डं पोस्टाने जाणार असतील तर आरशाखाली फोम टेप नको. उंच आलेल्या आरशावर सगळा दाब येतो.