शाब्दिक उदाहरणात बदलाचा दर काढताना अपूर्णांक आणि ऋण चिन्ह, कसं समजावू?

सातवीची_आई:
नमस्कार मंडळी, मुलगी सातवीत आहे, परिमेय संख्यांचे नुसते गुणाकार भागाकार पटापट करते पण शाब्दिक उदाहरण आलं की अडकते. कालचं उदाहरण असं की मोटर चालू असताना विहिरीतलं पाणी २/३ तासात १ १/४ फूट उतरतं, तर दर तासाला पातळीत बदल किती, आणि याच वेगाने उतरत असेल तर ४ तासांपूर्वी पातळी कुठे होती. तिने २/३ ला ५/४ ने भागून ८/१५ आणलं. आणि वजाचं चिन्ह का द्यायचं हेच पटत नाही, म्हणते खाली गेलं असं लिहिलंय ना, मग वजा कशाला. पाठ करून घ्यायचं नाहीये मला, कळायला हवं तिला.

गणिताची_शिकवणी:
ताई, तिचा भागाकार अगदी बरोबर आहे, फक्त उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं आलंय. ८/१५ तास म्हणजे ३२ मिनिटं, एक फूट पाणी उतरायला लागणारा वेळ! हे तिला नक्की सांगा, खूप हुरूप येतो मुलांना. आता विचारलंय काय तर "दर तासाला किती फूट", म्हणजे भागायचं तासांनी, फूट वर आणि तास खाली. एकक आधी लिहायला लावा, आकडे नंतर.
-५/४ ÷ २/३ = -५/४ × ३/२ = -१५/८
म्हणजे दर तासाला -१ ७/८ फूट. आणि आकडेमोडीआधी अंदाज घ्यायचाच, ४० मिनिटांत सव्वा फूट तर तासाभरात सव्वापेक्षा जास्तच उतरणार ना, मग अर्ध्या फुटाच्या आसपासचं उत्तर बघूनच खटकायला पाहिजे.

पाटलांची_विहीर:
ताळा इंचात करून बघा, माझ्या मुलाला त्यानेच पटलं. सव्वा फूट म्हणजे १५ इंच, ते ४० मिनिटांत, मग २० मिनिटांत साडेसात इंच आणि तासाला साडेबावीस. म्हणजेच १ फूट साडेदहा इंच, आणि ७/८ फूट म्हणजे साडेदहाच इंच. अपूर्णांक उलटा करून का गुणायचं तेही यातच दिसतं, आधी २ ने भागलं मग ३ ने गुणलं, झालं की ३/२.

वजा_अधिक:
चिन्हाबद्दल तिची शंका रास्त आहे, पहिल्या भागात "खाली" हा शब्द पुरतो खरंच. दुसऱ्या भागात मात्र पुरत नाही. वहीत वरच लिहायचं, वर धन खाली ऋण, पुढचा वेळ धन आणि मागचा ऋण. मग ४ तासांपूर्वी म्हणजे -४, आणि -१५/८ × -४ = +१५/२, पातळी आत्तापेक्षा साडेसात फूट वर होती. पाणी उतरतंय तर आधी ते वरच असणार, हे तिला गणित न करताही माहिती आहे, ऋण गुणिले ऋण धन का हे इथे डोळ्यांनी दिसतं.
अजून एक द्या तिला. हवामानशास्त्रातल्या प्रमाण वातावरणात समुद्रसपाटीला १५ अंश सेल्सिअस धरतात आणि ११ किमीपर्यंत दर किमीला तापमान साडेसहा अंशांनी कमी होतं, म्हणजे दर -१३/२. मग शून्य अंश किती उंचीवर? बदल -१५, म्हणून -१५ ÷ -१३/२ = ३०/१३, सव्वादोन किमीच्या थोडं वर. आणि ११ किमीवर, जिथे मोठी विमानं उडतात, १५ - ७१ १/२ = -५६ १/२ अंश.

सातवीची_आई:
खूप आभार सगळ्यांचे, ३२ मिनिटं ऐकून चेहरा खुलला तिचा! आता पुढचं उदाहरण, पाणी जमिनीपासून १२ १/२ फूट खाली होतं, ४ तासांनी २० फूट खाली. तिला धन उत्तर येतंय.

गणिताची_शिकवणी:
जमीन शून्य धरा, मग पातळी -१२ १/२ वरून -२० वर गेली. शेवटची वजा सुरुवातीची, हा क्रम बदलायचा नाही.
-२० - (-१२ १/२) = -७ १/२
याला ४ ने भागलं की -१५/८, तीच मोटर दिसतेय :) कंस मात्र घालायलाच लावा, दोन वजा शेजारी आले की मुलं एक गाळतात.