मदत हवी आहे: घरगुती क्लासला डेटा संरक्षण कायदा कसा पाळायचा?

नमस्कार मंडळी. माझी बहीण नाशिकला घरीच आठवी ते दहावीचे क्लास घेते. प्रवेशाचे फॉर्म आणि फीचा हिशेब मी बघतो. मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे नंबर, आधारकार्डाचे फोटो हे सगळं एक्सेलमध्ये आणि आमच्या दोघांच्या मोबाइलवर आहे.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मधले नियम वाचले. मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी लागू होतील, म्हणजे मे २०२७ पर्यंत तयारी हवी. फक्त कागदावरच्या नोंदी या कायद्यात येत नाहीत, पण आमचं बहुतेक काम मोबाइलवरच चालतं. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. इथेच गाडी अडलीय. आई समोर बसून फॉर्मवर सही करते, तेवढं पुरेल का? की ओटीपीसारखं काही लागेल?

आधारचे फोटो तर मला काढूनच टाकायचे आहेत, क्लासला त्यांची गरजच नाही. पण दहावी होऊन गेलेल्या मुलांच्या फीच्या नोंदी किती वर्षं ठेवायच्या? निकालाच्या फ्लेक्सवर मुलांचे फोटो आणि टक्के छापतो, त्याची संमती वेगळी घ्यावी ना?

संमती घेताना माहिती कशासाठी घेतो हे सांगणारी सूचना द्यावी लागते, ती मराठीतही देता येते. कोणी असा साधा मराठी फॉर्म केला असेल तर कृपया नमुना पाठवा. सीए किंवा वकील मंडळींनी जरूर सांगावं. पालक विश्वासाने माहिती देतात, ती नीट जपायची आहे.