मुद्दा रोजच्या तेलाचा आहे

काही जण म्हणतात की हवामान बदलाची काळजी हा श्रीमंत देशांचा शौक, आपण फक्त स्वस्त वीज बघावी. मला हे अजिबात पटत नाही. जर्मनीचं बघा ना, २०२१ पर्यंत निम्म्याहून जास्त गॅस रशियाकडून यायचा, स्वस्त होता म्हणून सगळे खुश, आणि २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तोच गॅस गळ्याचा फास झाला, राखीव ठेवलेली कोळशाची केंद्रं परत चालू करावी लागली. आपण तर ८५ टक्क्यांहून जास्त कच्चं तेल बाहेरून आणतो, आखाती तेलाची जहाजं ज्या चिंचोळ्या समुद्री वाटेने येतात त्या होर्मुझला जरा खुट्ट झालं की इकडे पोटात गोळा.

यावर पर्याय म्हणून सोलर घ्यावं तर त्यातही मेख आहे हे मान्य. आमच्या सोसायटीच्या गच्चीवर पॅनल बसवले तेव्हा मी कागद वाचत बसलो, पॅनल जोडलेलं इथे पण आतले सेल, म्हणजे उन्हाची वीज करणारे तुकडे, चीनचे. पॉलिसिलिकॉनपासून (सेलचा कच्चा माल) पॅनलपर्यंत प्रत्येक टप्प्यावर चीनचा वाटा ८० टक्क्यांच्या वर आहे, ही भीती खरीच आहे. पण चीनने उद्या सेल पाठवणं बंद केलं तरी गच्चीवरचं पॅनल २०-२५ वर्षं वीज देत राहतं, तेलाचा टँकर थांबला तर पेट्रोल पंप काही आठवड्यांत कोरडे पडतील.