अठरा वर्षांनंतर सेरेब्रल पाल्सीसाठी कोणाकडे जावे?

प्रश्न (सांगली, विश्रामबाग):
माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर होणारा परिणाम) असून दोन्ही पायांत ताठरपणा आहे. वॉकर घेऊन चालणारा हा मुलगा दोन महिन्यांनी १८ वर्षांचा होईल आणि बारावीनंतर त्याला बी.कॉम. करायचे आहे. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आता मोठ्यांच्या डॉक्टरांकडे जा. कोणत्या, ते सांगत नाहीत. वर्षभरात त्याची चाल बिघडली आहे. आजार वाढत आहे का? त्याला कॉलेजला पाठवावे, की घरूनच परीक्षा द्यायला लावावी?

उत्तर १ (मिरज, फिजिओथेरपिस्ट):
ताई, मेंदूला झालेली इजा वाढत नाही. मात्र उंची आणि वजन झपाट्याने वाढते त्या वयात ताठर स्नायू हाडांच्या वाढीला पुरे पडत नाहीत, त्यामुळे गुडघे वाकतात आणि चालताना दमणूक होते. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवून खुब्यांचा एक्स-रे काढून घ्यावा. शाळेबरोबर व्यायामही सुटला असल्यास स्नायू ताणण्याचे आणि ताकदीचे व्यायाम पुन्हा सुरू करावेत. जुन्या शस्त्रक्रिया, इंजेक्शने आणि औषधे यांचा गोषवारा बालरोगतज्ज्ञांकडून आताच लिहून घ्यावा, कारण मुलांच्या तपासणी-उपचारांसाठीच्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आधार १८ वर्षांपर्यंतच असतो.

उत्तर २ (सातारा):
काकू, मलाही सेरेब्रल पाल्सी आहे. कॉलेजबद्दल त्याला विचारलेत का? डॉक्टरांनी मला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आई विसाव्या वर्षापर्यंत देत होती, त्यामुळे पाठ दुखते हे मी कधी सांगितलेच नाही. निदान दहा मिनिटे त्याला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असल्यास २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव असतात आणि वयाच्या कमाल मर्यादेत ५ वर्षांची सूट मिळते. वर्ग तळमजल्यावर घ्यावेत, असा अर्ज प्रवेशाच्या वेळीच द्यावा. नंतर फार हेलपाटे होतात. आणि खेळायची हौस असल्यास बोशिया हा लक्ष्याजवळ चेंडू टाकण्याचा खेळ पाहावा. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे आणि मुळात आपल्यासारख्यांसाठीच घडवलेला आहे.

उत्तर ३ (कराड):
सेरेब्रल पाल्सी असलेल्यांसाठीही असलेल्या केंद्र सरकारच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालकत्व घेण्याची घाई करू नये; स्वतःचे निर्णय घेणाऱ्या प्रौढाला पालक नेमण्याची गरज नसते.

प्रश्नकर्ती:
काल त्याला विचारले. कॉलेजची भीती नाही, म्हणाला. जिना किती पायऱ्यांचा आहे आणि स्वच्छतागृह कुठे आहे, एवढे आधी पाहून येऊ. शनिवारी जात आहोत.