मदत हवी आहे: स्वतःचं क्लिनिक नसताना पार्ट ४ चे गुण कसे मिळवायचे?

नमस्कार मंडळी,

इथे अमेरिकेत मुलांचे डॉक्टर असलेले कुणी ना कुणी असतीलच, म्हणून विचारतेय. अमेरिकन बोर्ड ऑफ पीडियाट्रिक्स ही मुलांच्या डॉक्टरांना सर्टिफिकेट देणारी संस्था; ते सर्टिफिकेट टिकवायला दर पाच वर्षांच्या सायकलमध्ये लायसन्स, परीक्षा आणि गुण सांभाळावे लागतात. माझ्या सायकलचं हे शेवटचं वर्ष. लायसन्स नीट आहे. परीक्षेचंही मार्गी लागलंय: सेंटरवर जाऊन देण्याऐवजी मी मोका-पीड्स ही बोर्डाची ऑनलाइन परीक्षा घेतली. दर तिमाहीला घरबसल्या प्रश्न, एकेकाला पाच मिनिटं, पुस्तक उघडलं तरी चालतं. लोक कुरकुरतात, पण मला ते आवडलं. एरवी कावासाकी आजारावर कोण पुन्हा वाचत बसतंय!

घोडं अडलंय पार्ट ४ वर. सायकलला १०० गुण, त्यात पार्ट २ चे किमान ४० आणि पार्ट ४ चेही किमान ४०. पार्ट २ म्हणजे स्वतःचा अभ्यास, तो प्रश्नसंच सोडवून होतो. पार्ट ४ ला मात्र स्वतःच्या कामात सुधारणा करून दाखवायची: आधी मोजा, बदल करा, परत मोजा. मी अर्जंट केअरमध्ये (अपॉइंटमेंटशिवाय तातडीनं तपासणारं क्लिनिक) पाळ्या करते, त्याही तीन ठिकाणी. आज तपासलेलं मूल पुन्हा माझ्याकडे येईलच असं नाही. मग लसीकरण किंवा दम्याचा पाठपुरावा दाखवायचा कसा? कुणाच्या तरी प्रकल्पात नुसतं नाव घालायचं नाहीये, तसं चालतही नाही. (१९८८ च्या आधी मिळालेल्या सर्टिफिकेटची मुदत कधी संपतच नाही. आमचे एक सीनियर हे दर वर्षी ऐकवतात.)

माझ्यासारखं फिरतं काम असणाऱ्यांनी काय केलं?

प्रतिसाद:
मीही अर्जंट केअरवालाच. पाठपुरावा लागेल असा विषय घेऊच नका. एका भेटीत संपणारा घ्या. आम्ही काही जणांनी मिळून घसादुखी घेतली होती: स्ट्रेप टेस्ट (घशात स्ट्रेप जंतू आहेत का ते पाहणारी) न करताच अँटिबायोटिक किती जणांना दिलं आणि तीन वर्षांखालच्या मुलांची टेस्ट विनाकारण किती वेळा केली. चार्ट काढले, ट्रायाजच्या, म्हणजे आल्याआल्या पेशंटला आधी बघणाऱ्या, नर्सशी बोलून टेस्ट कधी करायची ते ठरवलं, पुन्हा चार्ट काढले. बोर्डाकडे छोट्या गटाच्या प्रकल्पाचा वेगळा अर्ज असतो, दहा डॉक्टरांपर्यंत चालतो. काम पूर्ण झाल्यावर भरायचा.

गट जमत नसेल तर बोर्डाच्या पोर्टलवर हात धुण्याचं तयार मॉड्यूल आहे. कंटाळवाणं आहे, पण त्याला ठरलेले पेशंट लागत नाहीत. फक्त दोनदा मोजण्यात मध्ये वेळ जातो, तेव्हा ३१ डिसेंबरच्या तोंडावर सुरू करू नका.

मूळ लेखिका:
घसादुखी! डोक्यातच आलं नव्हतं. पण तीन ठिकाणचे चार्ट एकत्र धरता येतात का, की एकच जागा निवडावी लागते?

प्रतिसाद:
एकच निवडा. तीन ठिकाणच्या परवानग्या मिळेपर्यंत वर्ष संपेल.