वरच्या मजल्यावरचा आवाज: पुरुषांनो, तुम्ही काय केलंत?

धागाकर्ता
काल रात्री वरच्या घरात काहीतरी आपटलं, मग तिचं रडणं. माझा हात आपोआप रिमोटकडे गेला. लहानपणी वरती मारझोड सुरू झाली की बाबा टीव्ही मोठा करायचे. वर्षभर तसंच. मग एकदा उठले, वर जाऊन बेल दाबली आणि म्हणाले, "जरा स्क्रू ड्रायव्हर मिळेल?" त्या रात्री पुढे काही ऐकू आलं नाही. पुढच्या वेळी परत करायला गेले. पिवळ्या मुठीचा तो स्क्रू ड्रायव्हर कितीतरी महिने वर-खाली करत होता.
काल मी मात्र रिमोट धरून बसलो. कधी मध्ये पडला असाल तर लिहा. नसाल पडला तरी लिहा.

कंटाळेश्वर
बाबांना साष्टांग! आमच्या ग्रुपवर "बायकोला धाकात ठेव" छाप विनोद यायचे. एकदा लिहिलं, "यात हसायचं कुठे?" दोन दिवस सगळे चिडीचूप. तिसऱ्या दिवशी एकाचा खासगीत मेसेज, "भेटायचंय. घरी माझ्याकडून जरा जास्तच झालंय." घाईत आहे, बाकी रात्री.

चष्मिष्ट
तो स्क्रू ड्रायव्हर शेवटी कोणाकडे राहिला? माझा शेजाऱ्यानं दोन वर्षांपूर्वी नेलाय, चांगला चुंबकवाला. (विषयांतर, माफी.)

अबोली
बेल ठीक, पण दार लागल्यावर काय होतं तेही ऐका. दिरानं ह्यांना चारचौघांत सुनावलं. बरं वाटलं, घरी येईपर्यंत. "कोणाकोणाला सांगत फिरतेस?" म्हणून दुप्पट मार खाल्ला. नंतर दिरानंच मला एकटीला गाठून विचारलं, "वहिनी, मी काय करू?" माझी कागदपत्रं आणि थोडे पैसे स्वतःकडे ठेवले. बाई घर सोडायला निघते तेव्हा धोका सगळ्यात जास्त, तिथे मर्दुमकी नको. बाळ उठलं, पळते.

कंटाळेश्वर
अबोली 🙏

नाव नको
मी पलीकडच्या बाजूचा. "एकदाच हात उठला, राग आवरत नाही," असं मामेभावाला सांगत होतो. तो म्हणाला, "साहेबावर कधी उठला?" गप्प बसलो. बायकोला विचारलं तर तिनं मोजून सांगितलं, चार वेळा. तारखांसकट. समुपदेशनाला जातोय. शाबासकी देऊ नका.

फीतवाला
आमच्या ऑफिसात २५ नोव्हेंबरला बायकांवरच्या हिंसेविरुद्ध पांढऱ्या फिती लावतात. १९८९ मध्ये मॉन्ट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकानं १४ बायकांना मारलं, त्यानंतर १९९१ मध्ये कॅनडातल्या पुरुषांनीच ही मोहीम काढली. गेल्या वर्षी मला फीत लावणारा साहेब दहा मिनिटांनी जिन्यात फोनवर बायकोवर खेकसत होता, "अक्कल आहे का?" मी ऐकलं आणि खाली उतरलो. फीत लावूनच.

उनाड
पुरुषही मार खातात, त्यांचं काय?

अबोली
खातात. वेगळा धागा काढ, येते.

धागाकर्ता
अबोली, तुमचं वाचून थांबलो. वरचा नवरा बाहेर गेल्यावर माझी बायकोच वर गेली, मी जिन्यात. तिनं दार अर्धंच उघडलं. "भांडं पडलं होतं," म्हणाली. बायकोचा नंबर मात्र घेतला, 'शिवणवाली' नावानं सेव्ह केला.
चष्मिष्ट, स्क्रू ड्रायव्हर आमच्याकडेच आहे. वरचे घर सोडून गेले तेव्हा पाळी बाबांची होती.